एका दिवसाचा श्वास

वहिनीने पुढे केलेला पाण्याचा पेला धाकट्याने घेतला नाही. तो ताटावरून उठला, स्वतः नळाशी गेला, दुसरा पेला विसळून भरला आणि पुन्हा येऊन मान खाली घालून जेवू लागला.

"अरे, भरलेला होता ना हा..." नको नको म्हणतानाही वहिनीच्या तोंडून निघून गेलंच.

"तुम्ही कशाला त्रास घेता?" तो म्हणाला.

तुम्ही! ज्याचं नाक पुसलं, ज्याला गोवर आला तेव्हा मांडीवर घेऊन बसली, तो आज तिला 'तुम्ही' म्हणत होता! त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. शिवीत निदान जवळीक तरी असते. धाकटी जाऊ बिचारी दोघांच्या मध्ये बसून नुसताच घास चिवडत होती. वहिनीने तो पेला उचलला, स्वतःच पिऊन टाकला आणि भांडी घासायला उठली. सासूबाई गेल्यापासून या घरात हे असंच चाललं होतं.

ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा धाकटा पुढचे दात पडलेला, हट्टी, भडक डोक्याचा पोरगा होता. बाप वेल्डिंगचा कारखाना मागे ठेवून गेलेला. आई आणि थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, मिळून तो चालवत. पोराचा संताप पाहून आईनेच त्याचं नाव ठिणग्या ठेवलं होतं. पुढे थोरलाही अकाली गेला... तेव्हा माहेरची माणसं वहिनीला न्यायला आली. "तुझं वय काय? सगळं आयुष्य पुढे पडलंय," असं ती माणसं म्हणाली, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. वहिनी बॅग भरून दारापर्यंत गेलीही होती. पण ठिणग्या जिन्याच्या पायरीवर तिच्या चपला मांडीखाली दाबून बसला होता. देईचना! माहेरची माणसं आधी हसली, मग रागावली, मग निघून गेली. वहिनी राहिली. आपलं उभं आयुष्य तिने या घराच्या ओंजळीत टाकलं, आणि त्याबद्दल कुणापाशी कधी चकार शब्द काढला नाही.

आणि आता त्याच घरात तिच्या नावावर एक पाप मांडलं गेलं होतं. धाकट्याच्या लेखी आई गेली ती वहिनीच्या हलगर्जीपणाने! वेल्डरच्या घरात राहून, सिलिंडरचा व्हॉल्व्ह सैल सोडणाऱ्या बाईमुळे!

साथीचे ते दिवस होते. माणूस माणसाला भिऊ लागला होता. सख्खे शेजारी दाराच्या फटीतून बोलत आणि बोलून झालं की कडी घालत. हॉस्पिटलात खाटा नव्हत्या, खाट मिळाली तर प्राणवायू नव्हता. धाकट्याला खाटा जोडून द्यायचं काम मिळालं होतं. ते हॉस्पिटलच्या आवारातच चाले, आणि तिथे तो जे डोळ्यांनी बघे त्याने त्याची अन्नावरची वासना उडाली होती. त्याने बायकोला तिच्या माहेरी धाडलं. दाराला नवी कडी बसवली, कपाट औषधांनी भरलं, बोळात जंतुनाशकाचे डबे रचले. एवढ्यानेही त्याचं मन थाऱ्यावर येईना. शेवटी कुणाकुणाच्या हातापाया पडून त्याने प्राणवायूचा भरलेला सिलिंडर मिळवला! कारखान्यात करतात तसा तिरका करून, बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत त्याने तो आईच्या खोलीत नेला, तिच्या उशाशी उभा केला, त्यावर मीटर चढवला आणि घामाघूम होऊन खाली बसला.

"अगंबाई, पाहुण्याला थेट माझ्या खोलीत जागा दिलीस!" आई हसली.

"हसू नकोस, आई. हा इथे आहे तोवर तुला काही होत नाही."

आईचं हसू मावळलं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "असं बोलू नये रे, ठिणग्या. जपावं माणसानं, जरूर जपावं... पण सगळा भार लोखंडावर टाकू नये. भार टाकायचा तर त्याच्यावर, ज्यानं श्वास दिलाय. त्याला दया येते. लोखंडाला कुठली दया?"

"तो देव सध्या हॉस्पिटलात दिसत नाही मला," धाकटा कडवटपणे म्हणाला आणि निघून गेला. पुढे काही दिवस काम उरकेपर्यंत त्याला आवारातच राहावं लागणार होतं. जाताना त्याने वहिनीला व्हॉल्व्ह कसा उघडायचा, कसा घट्ट आवळायचा, काटा कुठवर असला म्हणजे भरलेला समजायचा, हे सारं पुन्हा पुन्हा दाखवलं. "वहिनी, आईला तुझ्यावर सोपवून जातोय," तो म्हणाला.

त्या शब्दांचं ओझं वहिनीने आनंदाने उचललं. आईंना आदल्या दिवसापासून थोडी कणकण होती, पण श्वास नीट होता, बोलणं खणखणीत होतं. असेच दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी केर टाकायला म्हणून वहिनीने दार उघडलं आणि ती जागीच थिजली.

जिन्यात, कठड्याला डोकं टेकून, वरच्या मजल्यावरचा घड्याळवाला म्हातारा बसला होता.

हा म्हातारा एकटाच राही, डोळ्याला भिंग लावून दिवसभर बारीक चाकं जुळवत बसे, आणि कारखान्यातल्या ठोकाठोकीने आपला हात हलतो म्हणून नगरपालिकेत तक्रारी करी. त्याच्या एका तक्रारीपायी कारखाना काही दिवस बंदही पडला होता. मुलं त्याला टिकटिक म्हणत. धाकटा त्याचं नाव काढलं तरी दात खाई. तो टिकटिक आता ओठ काळेनिळे पडून, मासळीगत तोंड उघडून बसला होता.

"गाडी... बोलावलीय..." तो म्हणाला. पुढचं त्याला बोलवेना.

वहिनीने दार लोटलं. हो, लोटलं! पुढे ती हे कधीच विसरली नाही. घरात आजारी सासू, जिन्यात साथीचा रोगी, आणि ज्याच्या शब्दाला जपायचं तो दूर... तिचा हात कडीवर गेलाही होता.

"कोण आहे गं?" आतून आईंचा आवाज आला.

"कोणी नाही, आई."

"कोणी नाही तर धापा कोण टाकतंय?"

दाराआडून ती धाप आता तिलाही स्पष्ट ऐकू येत होती.

"आत घे त्याला," आई म्हणाल्या.

"आई, घड्याळवाले आहेत ते! आणि त्यांना आत घेतलं तर मग..." तिची नजर सिलिंडरकडे गेली. आईंनी ती पाहिली.

"मग तो त्याला लाव."

"आणि उद्या तुम्हाला लागला तर? भाऊजींना काय सांगू मी? त्यांनी जिवाचं रान करून आणलाय हा!" रडवेली होऊन वहिनी म्हणाली.

आई उठून बसल्या. त्या वेळचा त्यांचा चेहरा वहिनीच्या डोळ्यांपुढून कधी हलला नाही. त्या चेहऱ्यावर शौर्य वगैरे काही नव्हतं. थोडी भीतीसुद्धा होती. "उद्याचं मला माहीत नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "मलाही मरायची हौस नाही. पण हा माणूस आज माझ्या दारात गुदमरतोय, आणि मी उशाशी श्वास साठवून झोपू? मग उद्या देवापुढे दयेसाठी कुठल्या तोंडाने हात पसरू? जा... उघड दार."

वहिनीने सिलिंडर फिरवत बाहेरच्या खोलीत आणला, आणि म्हातारा दिवसभर तिथल्या खुर्चीत त्याची नळी तोंडाला लावून बसून होता. हॉस्पिटलवाले गाडी येते येते म्हणत होते आणि ती येत नव्हती. काटा उतरत चालला. "आई, आता तरी थोडा राखू या," असं वहिनी म्हणाली, आणि आतून दरवेळी एकच उत्तर आलं, "चालू ठेव." संध्याकाळी गाडी आली, तेव्हा सिलिंडर रिकामा झाला होता. वहिनीने तो पुन्हा आईंच्या उशाशी नेऊन ठेवला.

"ठिणग्याला सांगू नकोस एवढ्यात," आई म्हणाल्या. "तो आधीच त्या म्हाताऱ्यावर जळतो. आजारी माणसाचा राग करत बसला, तर स्वतःचाच कोळसा करून घेईल. वेळ आली की मीच सांगेन."

ती वेळ यायची नव्हती. दोनच दिवसांत आईंची छाती भरली, आणि धाकटा धावत घरी आला तेव्हा त्यांना धड चार शब्द बोलवत नव्हते. त्याने चावी फिरवली. काटा हलला नाही.

"हा रिकामा कसा? वहिनी! हा रिकामा कसा झाला?"

पलंगावरून आईंनी मान उचलली, काही सांगायला ओठ उघडले, आणि खोकल्याची अशी उबळ आली की त्या दुमडून गेल्या. वहिनीने त्यांच्या पायावर हात दाबून ठेवला. त्या एका क्षणात तिने आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय घेऊन टाकला. "पुसताना माझ्याकडून व्हॉल्व्ह सैल राहिला," ती म्हणाली.

तो तसाच गाव पालथं घालायला निघाला. ओळखीची, अनोळखी, सगळी दारं त्याने ठोठावली. सिलिंडर कुठेच मिळाला नाही. हॉस्पिटलात त्याने स्वतः जोडलेल्या खाटांवरसुद्धा जागा नव्हती. तो रिकाम्या हातांनी परतला, आणि वहिनी आईंच्या खोलीत जाऊ लागली तेव्हा दारात आडवा उभा राहिला.

"तुम्ही बाहेरच थांबा. तुमच्या हातून आणखी काही सैल राहायला नको."

वहिनी दाराबाहेर जमिनीवर बसली. आत आईंचा श्वास घरघरत होता, तो ती मोजल्यासारखा ऐकत होती. एक हाक, फक्त एक हाक येईल, 'अगं, आत ये' म्हणतील, या आशेवर तिने दुपार काढली. हाक आली नाही. दुपार कलता कलता तो आवाजही थांबला, आणि त्यामागोमाग आतून धाकट्याचा हंबरडा आला. आणखी काही दिवसांनी कळलं की घड्याळवालाही वाचला नव्हता.

तेव्हापासून वहिनी देवाशी भांडत होती. 'आईंनी तुझ्या भरवशावर टाकलं ना सगळं? मग दोघांनाही नेलंस? आणि जाताना त्यांना माझी आठवणसुद्धा होऊ दिली नाहीस?' ती मनात म्हणे. वरून मात्र केरवारे, स्वयंपाक, कपडे, सगळं यंत्रासारखं चाले. खरं सांगून टाकावं असं शंभरदा वाटे. पण आता सांगितलं तर मेलेल्या आईवर तो रागावणार, आणि त्या काही उत्तर द्यायला यायच्या नव्हत्या. धाकट्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याने साथ ओसरल्यावर आपल्या पलंगाशी दोन भरलेले सिलिंडर उभे केले होते आणि सकाळी उठून बायकोच्या तोंडाआधी तो काट्यांचं तोंड बघे.

पेल्याचा तो प्रकार झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी धाकटा भर दुपारी घरी आला. कारखाना सुरू असताना तो असा कधी येत नसे. जाऊ बाजारात गेली होती. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. हातमोजेसुद्धा न काढता तो तिच्यासमोर खाली बसला.

"त्या दिवशी आवाज झाला नव्हता का?" त्याने विचारलं.

"कसला आवाज?"

"व्हॉल्व्ह सैल राहिला म्हणालीस. मग आवाज?" त्याचा स्वर विचित्र झाला होता. "आई गेल्यापासून विजेवरचंच वेल्डिंग चाललं होतं. आज त्यानंतर पहिल्यांदा गॅस लावला. मिस्त्रींच्या हातून व्हॉल्व्ह सुटला, अगदी एवढासा... आणि अशी शिट्टी वाजली की रस्त्यावरचे लोक थांबले! सगळे धावले आणि मी खुंटासारखा उभा. वहिनी, भरलेला सिलिंडर रिकामा होतो तो गुपचूप नाही होत. घर डोक्यावर घेतो! आणि तो आईच्या उशाशी होता. जी स्वयंपाकघरातून ओरडायची, 'कोणाची नळी फुसफुसतेय रे!' तिला ऐकू आलं नाही? मी वेल्डर आहे, वेल्डरचा मुलगा आहे. मला हे त्याच वेळी कळायला नको होतं?"

वहिनीच्या हातातली घडी विसकटली.

"खरं सांग. तुला दादाची शपथ आहे."

मग मात्र बांध फुटला. जिना, लोटलेलं दार, आईंचे शब्द, उतरत गेलेला काटा... सगळं तिने सांगितलं. दार लोटल्याचंही लपवलं नाही. ऐकता ऐकता त्याचा चेहरा लाल होत गेला आणि तो ताडकन उठला.

"त्या म्हाताऱ्याला? त्या टिकटिकला माझ्या आईचा श्वास दिलात तुम्ही? आणि तो तरी जगला का? तोही गेला!"

"हो. तोही गेला."

"मग काय मिळवलं तिने? सांग ना, काय मिळवलं?"

"मीही हेच विचारतेय रे, रोज," वहिनी रडत म्हणाली. "त्या दिवशी मी आईंना विचारलं होतं, 'एवढं करून हे जगतील का?' तर म्हणाल्या, 'ते आपल्याकडे नाही. दाराशी आलेल्याला आत घ्यायचं, तेवढं आपल्याकडे.' मला नाही समजलं सगळं. पण त्या संध्याकाळी त्या माणसाला गाडीत ठेवताना त्याने तोंडावरची नळी बाजूला केली आणि माझा हात धरला. म्हणाला, 'तुमच्या दिराला सांगा... ठोकाठोकी चालेल मला.' मेला बिचारा, पण जिन्यात कुत्र्यासारखा नाही मेला. कुणीतरी आपल्याला आत घेतलं, हे बघून गेला. एवढंच मिळवलं आईंनी. थोडं असेल तर थोडं."

धाकटा पुन्हा खाली बसला. त्याला हसू आलं की रडू, कळेना. "ठोकाठोकी चालेल म्हणाला?" एवढं विचारून त्याने तोंड झाकून घेतलं.

मग हात बाजूला करून तो म्हणाला, "तू स्वतःवर का घेतलंस? तेव्हाच सांगितलं असतंस तर..."

"तर तू आईंवर रागावला असतास. त्यांच्याकडे वेळ थोडा उरला होता. माझ्यावर रागवायला तुला सगळं आयुष्य पडलं होतं."

त्याने मान वर केली. चेहरा पांढराफटक पडला होता. "वहिनी, तू सांगितलंस. आता माझंही ऐक. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या पलंगाशी दोन-दोन सिलिंडर आहेत आणि मला झोप लागत नाही, ती कशाने ते ऐक." त्याने हातमोजे काढून बाजूला ठेवले. "शेवटच्या दुपारी आईने तुला बोलावलं होतं."

वहिनीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"हाक मारण्याइतका आवाजच नव्हता तिला. माझी बाही धरून म्हणाली, 'तिला आत घे.' दोनदा म्हणाली. तू दाराच्या त्या बाजूला बसलेली, मला माहीत होतं! आणि मी... मी म्हणालो, 'वहिनी झोपलीय.' मरणाऱ्या आईशी खोटं बोललो मी! तुला शिक्षा करायची म्हणून!"

वहिनीचा हात आपोआप वर उचलला गेला. इतक्या दिवसांची ती आग, दाराबाहेर बसून काढलेली ती दुपार, सगळं त्या हातात आलं होतं. मारावं याला... असं मारावं की जन्मभर आठवण राहील! तो हलला नाही. मार खायला तयार होऊन, डोळे मिटून बसून राहिला. चपला दाबून बसला होता तेव्हाही तो असाच डोळे मिटून बसला होता. वहिनीचा हात हळूहळू खाली येऊन त्याच्या केसांत थांबला.

"मग?" तिने कसंबसं विचारलं. "त्या काय म्हणाल्या मग?"

"हसली गं थोडी. म्हणाली, 'झोपू दे तिला. फार दमलीय.' त्यानंतर काही बोललीच नाही."

झोपू दे तिला... फार दमलीय! आईंचे शेवटचे शब्द होते हे, आणि ते तिच्यासाठी होते! वहिनी ओक्साबोक्शी रडू लागली. आईंनी तिला टाकलं नव्हतं. त्यांचा श्वास संपत आलेला, तरी त्यातला उरलासुरला तिच्या थकव्यासाठी त्यांनी खर्च केला होता. ज्या दयेवर त्या विसंबल्या ती त्यांना मिळाली की नाही, हे वहिनीला कसं कळावं? पण त्या दयेतला एक घोट, इतक्या उशिराने का होईना, तिच्यापर्यंत येऊन पोचला होता. देवाशी चाललेलं तिचं भांडण त्या घोटाने मिटलं नाही. मवाळ मात्र झालं.

धाकट्याने तिचे पाय धरले. ती "ऊठ रे" म्हणाली, पण तो उठेना.

"मला भीती वाटते, वहिनी. अजून वाटते. सगळ्याची. तू, ही, सगळे जाल असं वाटतं."

"वाटू दे. मलाही वाटते, आईंनाही वाटली होती. त्यांनी भीतीला मालकीण केलं नाही, एवढंच." तिने डोळे पुसले. अचानक तिच्या अंगातलं सगळं बळ ओसरल्यासारखं झालं. सासूबाई गेल्यापासून खरी झोप म्हणून तिला लागलीच नव्हती. "ठिणग्या, मी जरा पडते रे. संध्याकाळचं सगळं तसंच राहिलंय, पण डोळे उघडे राहत नाहीत माझे."

ती तिथेच, कपड्यांच्या ढिगाशेजारी, हात उशाला घेऊन आडवी झाली. धाकट्याने एक चादर उलगडून तिच्या अंगावर घातली आणि तो भिंतीला टेकून बसून राहिला. खिडकीतून भर दुपारचं ऊन तिच्या पायांवर येत होतं. थोड्या वेळाने जाऊ बाजारातून आली, आणि एकमेकांशी धड न बोलणारे दीर-भावजय एका खोलीत आहेत हे पाहून दारातच चपापली.

"काय झालं? वहिनींना बरं नाही का? उठवू त्यांना?"

धाकट्याने तोंडावर बोट ठेवलं. "नको. झोपू दे तिला," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला म्हणवेना.